पाखाडी अडली किंवा न्यायालयाचा अवमान झाला, तर महाधिवक्त्यांकडे अर्ज कधी आणि कसा करावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची सार्वजनिक वाट, कुणी अडवली, की तक्रारअर्जाच्या प्रती तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, पालकमंत्री आणि कधीकधी थेट राज्याचे महाधिवक्ता (ॲडव्होकेट जनरल) अशा सर्वांना एकदमच रवाना होतात. यांपैकी शेवटची प्रत बहुतेक वेळा वाया जाते, कारण महाधिवक्ता हे राज्य शासनाचे वकील आहेत आणि नागरिकांना सल्ला देणे किंवा त्यांची बाजू लढवणे हे त्यांचे काम नाही. तरीही कायद्याने काही मोजक्या बाबतींत सामान्य माणसाला त्यांच्याकडे जाण्याची वाट मोकळी ठेवली आहे. ती वाट नेमकी कोणत्या प्रकरणात उपयोगी पडते आणि अर्ज कसा तयार करावा, एवढ्यापुरतेच येथे लिहितो.

आधी या पदाविषयी थोडे. संविधानाच्या अनुच्छेद 165 नुसार राज्यपाल महाधिवक्त्यांची नियुक्ती करतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ते पदावर राहतात. व्यवहारात ही मर्जी मंत्रिमंडळाची असते, म्हणून सरकार बदलले की महाधिवक्ताही बहुधा बदलतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्तीच या पदावर नेमता येते. शासनाला कायदेविषयक सल्ला देणे आणि राज्यपालांनी सोपवलेली कायद्याच्या स्वरूपाची कामे पार पाडणे हे त्यांचे मुख्य कर्तव्य होय. अनुच्छेद 177 मुळे त्यांना विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलता येते, मात्र मतदान करता येत नाही. मंत्रालयातील विधी व न्याय विभागाचे सचिव, जिल्हा न्यायालयातील जिल्हा सरकारी वकील आणि महाधिवक्ता ही तीन वेगवेगळी पदे आहेत. जिल्हा सरकारी वकिलांना दिलेला अर्ज आपोआप महाधिवक्त्यांपर्यंत जाईल, या भरवशावर राहू नये.

शासनाच्या वकिलाने जनतेच्या वतीने दावा का लावावा, याचे उत्तर इतिहासात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून मुंबईत महाधिवक्ता होते आणि 1813 च्या सनदी कायद्याने त्यांना इंग्लंडच्या ॲटर्नी जनरलच्या धर्तीवर न्यायालयात प्रकरणे मांडण्याचा अधिकार दिला. इंग्लंडमध्ये सार्वजनिक हक्काचा आणि धर्मादाय मालमत्तेचा पालक राजा मानला जाई, आणि राजाच्या वतीने ॲटर्नी जनरल उभा राही. तीच कल्पना आपल्याकडे आली. 1866 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्यापुढे चाललेला खोजा समाजाचा प्रसिद्ध दावा आगाखानांविरुद्ध महाधिवक्त्यांच्याच नावाने दाखल झाला होता, जरी भांडणारे लोक समाजातलेच होते. म्हणजे नाव महाधिवक्त्यांचे आणि तक्रार लोकांची. हा दावा तक्रारदार हरले, पण पद्धत टिकली.

याच पदाची दुसरी बाजू कोकणाने जवळून पाहिली आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांवर जुलै 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारच्या बाजूने महाधिवक्ताच उभे होते. पुढे 1935 च्या भारत सरकार कायद्याने प्रत्येक प्रांताला महाधिवक्ता मिळाला. 1937 मध्ये मुंबई प्रांताचे महाधिवक्ता झालेले मोतीलाल सेटलवाड यांनी 1942 मध्ये पद सोडले आणि 1950 मध्ये ते भारताचे पहिले महान्यायवादी (ॲटर्नी जनरल) झाले. होरमसजी सिरवई 1957 पासून 1974 पर्यंत, म्हणजे मुंबई राज्य आणि नंतर महाराष्ट्र अशा दोन्ही काळांत, या पदावर होते. 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात केरळ शासनाची बाजू त्यांनीच मांडली. इतका दीर्घ कार्यकाळ आता दुर्मीळ झाला आहे. सरकारचा वकील आणि लोकहिताचा राखणदार या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे आहेत, हे ध्यानात ठेवूनच अर्जाचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सर्वांत नेहमीचा प्रश्न वाटेचा. समजा, बंदराकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या मधोमध कुणी जांभ्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी बांध, घातला, किंवा पावसाळ्यात होड्या ओढून शाकारण्याच्या सार्वजनिक जागेला कुंपण केले. पहिली गोष्ट अशी ठरवावी, की ही वाट किंवा जागा सर्व लोकांची आहे की ठरावीक घरांच्या वहिवाटीची. चार घरांना शेजाऱ्याच्या आगरातून (नारळी-पोफळीच्या बागेतून) जाण्याचा हक्क असेल, तर तो खासगी सुविधाधिकार होय. त्यासाठी त्या घरांनीच दिवाणी दावा लावावा, महाधिवक्त्यांचा तेथे संबंध येत नाही. शेतीकडे जाणारी वाट अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जाणे सोपे पडते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही सहा महिन्यांची मुदत गावकीच्या बैठकांत सहज निघून जाते, म्हणून बैठक आणि अर्ज ही दोन्ही कामे बरोबरच चालू ठेवावीत.

वाट खरोखरच सार्वजनिक असेल, तर प्रथम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज करावा. अडथळा काढण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात आणि रीतसर दिलेल्या आदेशावर दिवाणी न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नाही. परंतु समोरच्याने ‘ही वाट सार्वजनिक नाहीच’ असे म्हणून त्याला आधार देणारा विश्वसनीय पुरावा दाखवला, तर हक्काचा निर्णय दिवाणी न्यायालयाकडून होईपर्यंत ते काम थांबते. कोकणातली बरीच प्रकरणे नेमकी येथेच अडकतात, कारण जुन्या पाखाड्यांची नोंद सातबाऱ्यावर क्वचितच आढळते.

अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 91 उपयोगी पडते. सार्वजनिक उपद्रव किंवा लोकांना बाधणारे अन्य गैरकृत्य असेल, तर महाधिवक्ता दावा लावू शकतात, किंवा न्यायालयाची परवानगी घेऊन दोन वा अधिक व्यक्ती लावू शकतात, आणि त्यांचे स्वतःचे वेगळे नुकसान झाले नसले तरी चालते. 1976 च्या दुरुस्तीपूर्वी या दोन व्यक्तींना महाधिवक्त्यांची लेखी संमती आणावी लागे. ती अट आता उरलेली नाही, तरी जुनी पुस्तके वाचून काही जण अजूनही संमतीच्या मागे लागतात. मुंबईची खेप टाळायची असेल, तर कलम 93 पाहावे. मुंबईसारखी इलाखा शहरे (ब्रिटिशकालीन इलाख्यांची मुख्य शहरे) सोडून इतरत्र, राज्य शासनाची पूर्वमंजुरी असल्यास, कलम 91 मधील महाधिवक्त्यांचा अधिकार जिल्हाधिकारीही वापरू शकतात. अर्जात या कलमाचा स्पष्ट उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांनी शासनाकडे मंजुरी मागावी अशी विनंती करता येते. माझे मत विचाराल, तर दोन खंबीर माणसे मिळत असतील तेव्हा न्यायालयाच्या परवानगीचाच रस्ता धरावा, कारण त्यात कुणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. ज्याचे स्वतःचे वेगळे नुकसान झाले आहे, उदाहरणार्थ ज्याची वखार त्या पाखाडीवाचून बंद पडली, त्याला एकट्याने दावा लावण्याचा हक्क कलम 91 मुळे जात नाही.

अर्ज महाधिवक्त्यांकडे करा किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे, कागद सारखेच लागतात. गाव नकाशाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि त्यावर वाटेची रेघ असेल तर ती दाखवून द्यावी. लगतच्या गटांचे सातबारा उतारे, ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीचा उतारा, पाखाडीच्या डागडुजीवर ग्रामपंचायतीने खर्च केला असल्यास त्याची बिले आणि ठराव हे सर्व जोडावे. हे शेवटचे कागद सर्वांत मोलाचे असतात, कारण खासगी वाटेवर ग्रामपंचायत सहसा पैसा घालत नाही. छायाचित्र नुसत्या गडग्याचे नसावे. अलीकडच्या आणि पलीकडच्या पायऱ्या, मध्ये उभा गडगा आणि ओळखू येईल अशी एखादी कायमची खूण, जसे देऊळ किंवा सार्वजनिक विहीर, एकाच चौकटीत यावी आणि मागे तारीख लिहावी. वृद्ध गावकऱ्यांची प्रतिज्ञापत्रे घेताना ‘वाट पूर्वापार आहे’ एवढेच न लिहिता कोण कशासाठी तेथून जात असे, हे लिहून घ्यावे: मासळीच्या पाट्या, पालखी, प्रेतयात्रा, शाळेची मुले. अर्जात घटनाक्रम परिच्छेदांना क्रमांक देऊन मांडावा आणि शेवटी नेमकी मागणी एका वाक्यात करावी.

देवस्थानाच्या तक्रारी मात्र येथे आणू नयेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 92 मध्ये सार्वजनिक न्यासांसंबंधी (ट्रस्टसंबंधी) महाधिवक्त्यांचा उल्लेख आहे, परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 52 ने ते कलम आपल्याकडील सार्वजनिक न्यासांना लागू होत नाही. तेथे हितसंबंध असलेल्या दोन वा अधिक व्यक्तींना दावा लावण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची संमती लागते.

दुसरा विषय न्यायालयाच्या अवमानाचा. न्यायालयाचा मनाईहुकूम समोरचा पाळत नसेल, तर तो दिवाणी अवमान असतो आणि त्याच्या अर्जाला महाधिवक्त्यांची संमती लागत नाही. न्यायालयाची बदनामी किंवा न्यायदानात ढवळाढवळ असा फौजदारी अवमान असेल, तरच न्यायालय अवमान अधिनियम, 1971 चे कलम 15 लागू होते आणि खासगी व्यक्तीला उच्च न्यायालयात अर्ज करण्यापूर्वी महाधिवक्त्यांची लेखी संमती घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानासाठी ही संमती भारताचे महान्यायवादी किंवा महान्यायअभिकर्ता (सॉलिसिटर जनरल) देतात. खेड, चिपळूण किंवा कुडाळच्या न्यायालयाचा फौजदारी अवमान झाला असेल, तर त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाकडे निर्देश करावा किंवा महाधिवक्त्यांनी स्वतः प्रस्ताव आणावा, अशी कलम 15 ची रचना आहे. म्हणून अशा वेळी पहिला अर्ज त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे ठेवावा.

संमतीच्या अर्जासोबत आक्षेपार्ह मजकूर जसाच्या तसा जोडावा. भाषण असेल तर ध्वनिमुद्रण आणि त्याची शब्दशः नक्कल, समाजमाध्यमावरील मजकूर असेल तर तारीख-वेळ दिसेल अशी प्रत द्यावी. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्याने मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर सोबत असावे. कलम 20 प्रमाणे एक वर्षाची मुदत आहे, म्हणून संमतीसाठी लागणारा वेळ धरून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच अर्ज पोहोचवावा. संमती नाकारली गेली, तरी माहिती न्यायालयापुढे ठेवून त्याने स्वतःहून दखल घ्यावी अशी विनंती करता येते. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्यापासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणे तेथे चालतात, तर रायगड, ठाणे आणि पालघर मुंबईकडेच आहेत. महाधिवक्ता मात्र साऱ्या राज्याला एकच. गोव्याचे महाधिवक्ता वेगळे असल्याने बांद्याच्या पलीकडील घटनेसाठी महाराष्ट्रात अर्ज करून उपयोग नाही.

आता अडचणीची जागा. उपद्रव शासनाच्याच एखाद्या खात्याने किंवा त्याच्या कंत्राटदाराने केला असेल, तर महाधिवक्त्यांकडे जाणे म्हणजे प्रतिवादीच्या वकिलालाच वादी होण्याची विनंती करणे होय. कायदा याला मनाई करत नाही, पण कुणी तसे करील अशी अपेक्षा ठेवणे व्यवहाराला धरून नाही. जेटीच्या कामात खाडीचे तोंड बुजले किंवा सरकारी रस्त्याच्या भरावाने व्हाळ (ओढा) अडला, तर दोन गावकऱ्यांनी न्यायालयाची परवानगी मागावी. शासन प्रतिवादी असल्याने त्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि ती शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते, महाधिवक्त्यांना नव्हे. पावसाळा तोंडावर असेल आणि थांबणे शक्य नसेल, तर त्याच कलमाच्या पोटकलम 2 खाली न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीविना दावा दाखल करता येतो, मात्र शासनाला बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय न्यायालय त्यात अंतरिम आदेश देत नाही. म्हणून दाव्याच्या प्रती सरकारी वकिलांच्या कार्यालयात त्याच दिवशी पोहोचवून पोच घ्यावी.