क्लाउनफिशला जोडीदार आणताना या चुका टाळा

“दादा, नवा मासा हीटरमागं जाऊन बसलाय, खात पण नाही. काय करू?” असा फोन आला की मी आधी आकार विचारतो. उत्तर ठरलेलं असतं, “जुन्याएवढाच आहे.”

इथंच सगळं बिघडतं. क्लाउनफिश हा खाऱ्या पाण्यातला मासा जन्मतः मादी नसतो. जोडीतला मोठा, वरचढ मासा मादी होतो आणि लहान राहतो तो नर. नराची मादी होते, पण मादीचा नर पुन्हा कधीच होत नाही. वर्ष-दोन वर्षं एकटा राहिलेला मासा बहुतेक वेळा मादीच झालेला असतो. तिच्यासमोर तेवढाच दुसरा आणून सोडला, तर ती त्याला जोडीदार मानेल कशी? तिच्या लेखी ती सवतच.

हे मी स्वतः भोगलंय. सांगलीत विश्रामबागच्या घरी माझी ऑसेलारिस (क्लाउनफिशचीच एक जात) तीन वर्षं एकटी होती. पुण्याहून रात्रीच्या बसनं दुसरा मागवला. “नर आहे” असं सांगून दिलेला, दिसायला देखणा, आकारानं हिच्याएवढाच. संध्याकाळी सोडला. सकाळी शेपटी फाटलेली, कल्ल्याजवळ जखम आणि मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरका. तिसऱ्या दिवशी गेला. तोही एकटाच वाढलेला होता, हे नंतर कळलं. तेव्हापासून मी जुन्याच्या निम्म्या आकाराचं पिल्लूच आणतो. नुसतं बघून नर-मादी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी चूक घाईची, आणि तिचा मला खरंच राग येतो. महिनोन्‌महिने टाकी तयार करणारी माणसं शेवटचे दहा दिवस थांबत नाहीत. भोकं पाडलेला पारदर्शक डबा टाकीत अडकवा आणि पिल्लू त्यात ठेवा. एकमेकांना बघू दे. मादी पहिले दिवस डब्यावर धडका देते, घाबरू नका. पिल्लू तिच्यासमोर आडवं होऊन अंग थरथरवू लागलं की समजा, त्यानं तिचं मोठेपण मान्य केलं. तरी मी दहा दिवस पुरे करतो. डबा रविवारी सकाळी काढतो, म्हणजे दिवसभर समोर बसता येतं. थोडा पाठलाग, एखादी ढुशी चालते. पंख फाटले किंवा पिल्लानं खाणं सोडलं, तर परत डब्यात.

वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवल्याशिवाय नवा मासा मुख्य टाकीत नको. ब्रुकलिनेला हा परजीवी रोग आला तर काही दिवसांत जुनाही जातो.

रात्रभर प्रवास केलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडू नका. पिशवी उघडली की आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. मी वेगळ्या टाकीचा खारटपणा आधीच पिशवीएवढा करून ठेवतो आणि मासा लगेच हलवतो. मग तो खारटपणा हळूहळू 1.025 विशिष्ट गुरुत्वावर, म्हणजे समुद्राच्या पाण्याएवढा नेतो.

मरून क्लाउन या दुसऱ्या, जास्त आक्रमक जातीबरोबर ऑसेलारिस नको. जमलेल्या जोडीत तिसरा तर नकोच.

एप्रिल-मेमध्ये मी मासा आणतच नाही. सांगलीच्या उन्हात पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन कमी होतो, वर लाईट गेली तर बघायलाच नको. पाऊस सुरू झाला की मागवतो. बॅटरीवरचा एअर पंप तरीही जवळ असतोच.

मिरजेच्या एका मुलाची मादी दोनदा डबा काढल्यावर पिल्लावर धावून गेली. दोन्ही वेळा त्यानं पिल्लू परत डब्यात घातलं आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले. तिसऱ्या खेपेला दोघं एकाच कोपऱ्यात झोपली.