व्ही३ पेप्टाइड एलायझावरून शहरातले एचआयव्हीचे उपप्रकार मोजताय? या चुका टाळा

प्रत्येक नमुन्याचं सिक्वेन्सिंग (विषाणूचा जनुकीय क्रम वाचणं) परवडत नाही, म्हणून रक्तातल्या प्रतिपिंडांवरून उपप्रकार ओळखायचा हा स्वस्त मार्ग. एलायझा म्हणजे प्रतिपिंडं चिकटली की रंग येणारी चाचणी. विषाणूच्या बाह्यावरणावरच्या जीपी१२० प्रथिनात व्ही३ हा सुमारे ३५ अमिनो आम्लांचा फास असतो. त्याचे उपप्रकारागणिक पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) प्लेटच्या वेगवेगळ्या वेलमध्ये (खळग्यांमध्ये) बसवायचे आणि सीरम (रक्तद्रव) कुठे जास्त चिकटतं ते पाहायचं. १९९०च्या दशकातल्या बँकॉकमध्ये हे जमलं, कारण तिथे मुख्य विषाणू दोनच होते: थाई बी आणि तेव्हा ‘ई’ म्हटला जाणारा, आजचा सीआरएफ०१_एई हा संकर.

पहिली चूक पेप्टाइड निवडतानाच होते. पाश्चात्त्य बी उपप्रकारात फासाच्या टोकाला बहुधा जीपीजीआर हा चार अमिनो आम्लांचा क्रम असतो, म्हणून टोकावरून निवाडा करायचा मोह होतो. पण थाई बी आणि ई, दोन्हींच्या टोकाला सहसा जीपीजीक्यूच असतं. फरक आजूबाजूच्या अमिनो आम्लांत आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचा भाग धरून पेप्टाइड घ्या.

दोन्ही वेल गडद आल्या की लगेच ‘दुहेरी संसर्ग’ लिहू नका. बहुतेक वेळा वेलमध्ये पेप्टाइड जास्त झालेलं असतं आणि सैल चिकटणारी प्रतिपिंडंही अडकतात. शिवाय दोन्ही रीडिंग यंत्राच्या वरच्या मर्यादेला टेकली असतील, तर त्यांच्या गुणोत्तराला काही अर्थ नाही. आधी सीरम १:१०० ऐवजी १:४००, मग १:१६०० करून पाहा. तरी सुटत नसेल, तर पेप्टाइडचं प्रमाण कमी करून नवी प्लेट लावा, किंवा सीरममध्ये मोकळं पेप्टाइड मिसळून कोणतं रंग दाबतं ते तपासा. एका व्यक्तीचं सीरम दोन्ही पेप्टाइडवर एकाच प्लेटवर, जोडीने लावा. सिक्वेन्सिंगने उपप्रकार पक्का झालेली सीरम आणि निगेटिव्ह कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवेतच.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे ‘टाइप होत नाहीत’, म्हणजे ज्यांचा उपप्रकार ठरत नाही, ते नमुने गाळून टाकणं. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत व्ही३विरुद्धची प्रतिपिंडं क्षीण असतात, म्हणजे गळतात ते नेमके ताजे संसर्ग. बँकॉकमध्ये सुईने नशा करणाऱ्यांत थाई बीची जागा ई घेऊ लागला, तो बदल नव्या संसर्गांतच आधी दिसणार होता. अशांचा काही महिन्यांनी दुसरा नमुना घ्या आणि तक्त्यात ‘अनिर्णित’चा रकाना ठेवाच. जुने आणि नवे संसर्गही वेगळे मोजा. एकत्र केले की गेल्या कित्येक वर्षांची बेरीज हाती येते, आजचा प्रवाह दिसत नाही.

लशीचाही घोळ होतो. १९९९मध्ये बँकॉकमध्ये सुरू झालेल्या एड्सव्हॅक्स बी/ई चाचणीत दोन्ही उपप्रकारांचं जीपी१२० टोचलं गेलं, त्यामुळे लस घेतलेल्यांचं सीरम संसर्गाविनाही दोन्ही पेप्टाइडना चिकटू शकतं. तिथे विषाणूचाच क्रम वाचावा लागतो. १८ महिन्यांखालच्या बाळांतही सापडतात ती बहुधा आईची प्रतिपिंडं.

आणि ही चाचणी बाह्यावरणाचा एक तुकडाच पाहते. सीआरएफ१५_०१बी या संकरात बाह्यावरणाचा बराचसा भाग बीचा आणि उरलेला जीनोम एईचा. एलायझा त्याला बिनदिक्कत ‘बी’ म्हणेल. म्हणून प्रत्येक गटातले काही ‘स्पष्ट’ नमुनेही जीनोमच्या दोन ठिकाणी, एन्व्ह (बाह्यावरणाचं जनुक) आणि गॅग वा पोल या जनुकांमध्ये, तपासा.

हाच संच मुंबई-पुण्यात आणून उपयोग नाही. इथे सी उपप्रकाराचं प्राबल्य आहे, आणि ए व सी यांचे व्ही३ इतके जवळचे की प्रतिपिंडं दोन्हींना चिकटतात. इथे सुकवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवरून पोल जनुकाचं सिक्वेन्सिंग करणंच बरं; एचआयव्ही-२ हा वेगळा प्रकार निराळा काढायला मात्र प्रतिपिंड चाचणी कामाची आहे.