पत्र्यावर भोपळे बसवण्याआधी खालचा वारा बघा

होळी झाली की आमच्याकडे खानदेशात पत्रा बोलायला लागतो. सकाळी ऊन चढलं की टक् टक्, दिवस मावळला की परत टक् टक्, पत्रा ताणतो आणि आकसतो त्याचा आवाज. हा आवाज सुरू झाला की समजायचं, आता आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) जे काय करायचं ते करून घ्या, नंतर नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की भुसावळ-रावेर पट्ट्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि तेव्हा छतावर चढायची कोणाची हिंमत होत नाही. म्हणून हे आत्ताच लिहितोय. गोठा, कोंबड्यांचं शेड, कांदाचाळ, कापूस भरलेली खोली, ज्याच्याकडे जे असेल त्याने वाचा.

आधी माझीच फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी गोठ्यावर चार टर्बो व्हेंटिलेटर बसवले, ते चकचकीत गोल फिरणारे, आमच्या गावात त्याला भोपळा म्हणतात. गोठा 40 बाय 20 चा, जनावरं नऊ. विकणारा म्हणाला चार बसवा, आठ डिग्री उतरेल. बसवले. काय सुंदर फिरायचे, रस्त्याने जाणारा माणूस मान वर करून बघायचा. पण दुपारी आत गेलं की तोच भट्टीचा वास. शेजारचे नाना एक दिवस आत येऊन टोपी काढून बरोबर भोपळ्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "पंखा ते फिरी राह्यना भो, पन वारा कोठे शे?"

मग मी एक अगरबत्ती पेटवून दावणीजवळ धरली. धूर सरळ वर गेला, डोक्याएवढा, आणि तिथेच ढगासारखा लोंबकळत बसला. झालं असं होतं की लू लागू नये म्हणून पश्चिमेला मीच पोती आणि हिरवी नेट बांधलेली, पूर्वेला भिंत, आणि दोन्ही टोकांना कडब्याची गंजी लावलेली. हवा बाहेर जायला चार भोकं आणि आत यायला काहीच नाही. भोपळा बिचारा काय ओढणार. गंजी हलवली, नेट खालून दोन फूट वर गुंडाळली, परत अगरबत्ती लावली तर धूर तिरपा होऊन आढ्याकडे, म्हणजे छताच्या सगळ्यात उंच कण्याकडे, सरकायला लागला. पाच रुपयाच्या पुड्याने जे दाखवलं ते चार भोपळ्यांच्या बिलाने नव्हतं दाखवलं.

तर मुद्दा हा, की छतावरचं कुठलंही यंत्र खालून जेवढी हवा येते तेवढीच बाहेर काढतं. गरम हवा हलकी म्हणून वर जाते, वरून निघाली की तिची जागा घ्यायला खालून दुसरी आली पाहिजे. हिशोब अगदी सोपा आहे. 24 इंची भोपळ्याचा गळा म्हणजे साधारण 3 चौरस फूट भोक, चार म्हणजे साडेबारा. खाली गुडघ्याच्या आसपास तेवढी तरी मोकळी जागा हवीच, दीडपट असली तर अजून चांगलं, आणि जाळी लावली असेल तर जाळीच्या तारा जागा खातात ते धरून थोडी जास्त.

आता दुसरा हिशोब करा. तोच माझा 40 फुटी गोठा, आढ्यावरची टोपी काढून दोन्ही पाख्यांच्या (छताच्या उतारांच्या) मधे 6 इंचाची फट लांबीभर ठेवली तर 20 चौरस फूट झाले, म्हणजे सहा भोपळ्यांपेक्षा जास्त, आणि त्याला बेअरिंग नाही, आवाज नाही, खराब व्हायला काही नाही. फटीवर फूटभर उंच उठवलेली पत्र्याची टोपी, दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर आलेली, वाकड्या पावसात चार थेंब येतील, येऊ द्या. गोठ्याच्या रुंदीच्या दर 10 फुटाला 2 इंच फट असा एक जुना ठोकताळा आहे, त्यानुसार 20 फुटाला 4 इंच होते, पण तो थंड देशांतला, आपल्या उन्हात मी 6 च ठेवीन. नवीन शेड बांधत असाल तर भोपळ्याचा विचारच करू नका, आढं उघडं ठेवा आणि शेडची लांबी पूर्व-पश्चिम घ्या म्हणजे दुपारचं ऊन लांब बाजूने आत घुसत नाही. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना पण धूर जायला वर भोक असायचंच ना, पाऊस आला की त्यावर घमेलं उपडं टाकायचे, तेच आहे हे.

भोपळा कुठे कामाचा? जुनं शेड आहे, आढं उघडता येत नाही, किंवा बंद गोडाऊन आहे जिथे वीज नाही, तिथे. वारा नसेल तेव्हा तो जवळजवळ नुसतं भोक असतो एवढं लक्षात ठेवा, फिरतोय म्हणजे ओढतोय असं नसतं. आणि काही उन्हाळ्यांनी बेअरिंग जाम होऊ शकतं, मग त्यात साळुंक्या घरटं करतात, आणि फिरत नसलेल्या भोपळ्यातून पाऊस आत येतो. वर्षातून एकदा हाताने फिरवून बघायचा, बोटाने ढकलला तर दोन-तीन गिरक्या सहज घेतल्या पाहिजेत.

विजेच्या एक्झॉस्ट फॅनचं वेगळं आहे. तो बंद खोलीतच चालतो. तिन्ही बाजूंनी उघड्या गोठ्यात एक्झॉस्ट लावलेले बघितले की मला हसू येतं, तो आपल्या शेजारच्याच फटीतून हवा घेतो आणि परत बाहेर टाकतो, जनावराला काय मिळालं? उघड्या गोठ्यात जनावराच्या अंगावर वारा मारणारा पंखा हवा, सात-आठ फुटावर, थोडा खाली झुकवलेला, सगळे एकाच दिशेने तोंड करून. किती अंतरावर? पंख्याच्या पात्याच्या व्यासाच्या दहापट, म्हणजे 24 इंचीचा वारा 20 फूट पोचतो, पुढे दुसरा लावायचा. एक्झॉस्ट घ्यायचा तो दूध ठेवायच्या खोलीला, बियाण्याच्या खोलीला, केळी पिकवायच्या खोलीला.

साइज कशी काढायची ते सांगतो, दुकानात गेल्यावर उगाच मोठा गळ्यात मारतात. खोली 20 बाय 15, उंची 10, म्हणजे 3000 घनफूट. तासाला 20 वेळा हवा बदलायची धरली तर 60000, त्याला 60 ने भागलं की 1000 सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा. डब्यावर घनमीटर प्रति तास लिहिलं असेल तर 1.7 ने भागा, म्हणजे 1700 लिहिलेला पंखा आपला. डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी-शटर लागलं की कमी होतो, म्हणून थोडा वरचा घ्या. आणि समोरच्या भिंतीत खाली खिडकी हवी, दर 500 सीएफएमला निदान 1 चौरस फूट, नाहीतर परत माझ्या भोपळ्याचीच गोष्ट. उन्हाळ्यात तापीच्या खोऱ्यातून वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं, त्यामुळे पंखा पूर्वेच्या भिंतीत वर आणि खिडकी पश्चिमेला खाली, वाऱ्याच्या तोंडावर पंखा लावला तर तो वाऱ्याशीच भांडत बसतो.

थ्री फेजवाल्यांनी अजून एक बघा. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) काम झालं की कधी कधी फेज उलटे जोडले जातात, पंखा उलटा फिरतो, आवाज तोच येतो म्हणून महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. खोलीच्या आतून रुमाल धरून बघा, एक्झॉस्ट असेल तर रुमाल पंख्याच्या जाळीला चिकटला पाहिजे. उडत असेल तर वायरमनला सांगून कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या. पात्यावर धुळीचा थर बसला, पट्टा ढिला झाला, शटर अर्धंच उघडलं, या तीन गोष्टींनी पंखा चालू राहतो, बिल येत राहतं आणि हवा कमी होते. पोल्ट्रीचा मोठा 50 इंची, 1.1 किलोवॉटचा असेल तर दहा तासांना 11 युनिट जातात, एवढे युनिट जाळून ढिला पट्टा फिरवायचा म्हणजे डोक्यावर हात मारून घ्यायची पाळी.

आता पाण्याचं. आपली एप्रिल-मे ची हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारा), कूलरसारखं ओलं पॅड, ओलं गोणपाट जेवढं काम आपल्याकडे करतं तेवढं कोकणात करणार नाही, हा आपला फायदा आहे, घ्या. गोठ्यात दोन-तीन मिनिटं पाणी, मग दहा-बारा मिनिटं नुसता पंखा, परत पाणी. सतत पाणी सोडलं तर खाली चिखल, कासेवरून पाणी गळतं आणि कासदाह (कासेची सूज) मागे लागतो. पाणी उडतं तेव्हा गारवा मिळतो, त्यामुळे पंख्याशिवाय फॉगर म्हणजे नुसतं ओलं गरम घर. म्हशीचं कातडं काळं, घाम कमी, तिला तर पंख्याआधी पाणी पाहिजे. गाय तापलीय का ते कळायला थर्मामीटर लागत नाही, तिच्या बरगडीकडे बघत मिनिटभर श्वास मोजा, 60 च्या वर गेले की तिला त्रास होतोय, 80 च्या वर आणि तोंड उघडं, लाळ गळतेय तर बाकीची कामं सोडा, सावलीत घेऊन पाणी मारा आणि डॉक्टरला फोन करा. होल्स्टीन क्रॉस (संकरित) गाय आपल्याला बरं वाटतं त्याच्या किती तरी आधी तापलेली असते.

पोल्ट्रीवाल्यांना, नवापूरकडे बरेच जण आहेत, एवढंच सांगतो की पडदा दिवसभर बंद ठेवून आत फॉगर चालवू नका, आणि बंद शेडवाल्यांनी जनरेटर आठवड्यातून एकदा लोड टाकून चालवून बघा. बंद शेडमध्ये लाइट गेली आणि जनरेटर उठला नाही तर पंधरा-वीस मिनिटांत पक्षी पडायला लागतात.

कांदाचाळीचा विषय जरा वेगळा, साक्री-पिंपळनेरकडचे मला नेहमी विचारतात की चाळीवर भोपळा बसवू का. चाळ मुळात भोकांचीच असते, ती बंद करून मग भोपळा बसवायचा हे उलटं झालं. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, थर चार फूट रुंद आणि पाच फुटापेक्षा उंच नाही, एक पाखी चाळ असेल तर लांबी उत्तर-दक्षिण आणि दुपाखी असेल तर पूर्व-पश्चिम, बस. कांद्याला 25 ते 30 डिग्री आणि 65 ते 70 टक्के ओलावा लागतो, मे मध्ये आपल्याकडे तापमान जास्त आणि ओलावा कमी म्हणून वजन घटतं, जुलैत ओलावा वाढतो म्हणून सडतं. पत्र्याच्या खाली लगेच कांदा टेकू देऊ नका, वरचा थर शिजतो, हाताने दाबून बघा. पत्र्यावर चुना मारा, तुरकाट्या किंवा उसाचं पाचट टाका, पण वायरिंगपासून लांब. काही जण ढिगाच्या खाली भोकं पाडलेला पाइप टाकून ब्लोअरने हवा मारतात, ते चालतं, पण ढीग सगळीकडे सारखा उंच हवा, नाहीतर हवा जिथे ढीग ठेंगणा तिथूनच पळते आणि उंच जागी कांदा आतून तापतो. पाऊस आला की ताडपत्री फक्त वाऱ्याच्या बाजूला सोडा, उघडीप पडली की लगेच गुंडाळा. नवीन चाळ करायची असेल तर अनुदानासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज आणि पूर्वसंमती, मग खड्डा. उलटं केलेले लोक मी बघितलेत.

कापूस भाव येईल म्हणून अजून खोलीत भरून ठेवलाय? ठेवा, पण त्या खोलीत साधा एक्झॉस्ट लावू नका. मोटरवर रुई बसते, मोटर तापते, एक ठिणगी पुरे. लावायचाच असेल तर पूर्ण बंद बॉडीच्या मोटरचा, स्विच खोलीच्या बाहेर, आणि दर चार दिवसांनी फडक्याने पुसून. त्यापेक्षा समोरासमोर दोन खिडक्या जाळी लावून उघड्या, रात्री. रात्र हा शब्द महत्त्वाचा आहे, जाड भिंतींच्या बंद खोलीत 44 डिग्रीची दुपारची लू पंख्याने आत ओढण्यात काय शहाणपण? रात्री दहा ते सकाळी सात हवा खेळवा, नंतर दारं लावून घ्या. गोठ्याला हे लागू नाही, जनावर स्वतःच गरमी सोडतं, त्याला दिवसा पण वारा लागतोच.

केळी पिकवणाऱ्यांनी, रावेर-सावदा-फैजपूरला आता बऱ्याच जणांकडे चेंबर आहेत, एक्झॉस्ट गारव्यासाठी समजू नये. फळ श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड साचतो, तो 1 टक्क्याच्या वर गेला की रंग नीट येत नाही, म्हणून दर बारा तासांनी पंधरा-वीस मिनिटं खोली मोकळी करायची. फळ पिकवायचा इथिलीन गॅस सोडल्यावर लगेच पंखा चालू केला तर इथिलीन पण बाहेर, पैसे पण बाहेर.

जून लागला की सगळं उलटं होतं. हवा ओली झाली की फॉगर बंद, पंखा चालूच. तेव्हा पाणी उडत नाही, कोंबड्यांखालचा लिटर (भुशाचा थर) नुसता ओला होतो आणि अमोनियाने डोळे चुरचुरायला लागतात, सकाळी शेडमध्ये शिरताच डोळ्यांत पाणी आलं तर पक्ष्यांना रात्रभर तेच झालेलं असतं. आणि त्याच्या आधी, मे च्या शेवटी, वावधन (सोसाट्याचं वादळ) येतं ते विसरू नका, केळीच्या बागा झोपवतं ते पत्र्यावरच्या भोपळ्याला काय सोडणार. सकाळी लवकर, पत्रा तापायच्या आत, शिडी लावून प्रत्येक भोपळ्याच्या बुडाचे स्क्रू आवळा, रबरी वॉशर चिरला असेल तर बदला, बुडाची प्लेट वरच्या पत्र्याच्या खाली आणि खालच्या पत्र्याच्या वर गेलेली आहे का ते बघा, नाहीतर कितीही सिलिकॉन भरा, पहिल्या पावसात दावणीवर धार लागते. माझ्या चारांपैकी एक असाच उडून शेजारच्या पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ढिगात सापडला होता, तो मी परत लावलाच नाही, त्या भोकावर उठवलेली टोपी बसवली आणि खरं सांगतो, अगरबत्तीचा धूर आता तिथूनच सगळ्यात आधी निघतो.