कोकणातल्या मेडिकलमध्ये रुजू होताना

डी. फार्म. झालं, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी हातात आली आणि आता दापोली, गुहागर, देवगडकडच्या एखाद्या मेडिकलमध्ये उभे राहणार असाल, तर एक गोष्ट मनाशी पक्की धरा. कंपनीतून उत्तम निघालेली गोळी आपल्या रॅकवर खराब होऊ शकते. किनाऱ्यावर तर फार लवकर होते, आणि ते थांबवणं हे आपलंच काम आहे.

‘३० अंशांच्या खाली, कोरड्या जागी ठेवा’ हे लेबलवरचं वाक्य पावसाळ्यात पाळायला खरी मेहनत लागते. खोकी लादीवर ठेवू नका, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका. दमटपणाने कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. अ‍ॅस्पिरिनच्या डबीतून व्हिनेगरसारखा वास आला तर ती गोळी विघटित झाली आहे, एक्स्पायरी पुढची असली तरी द्यायची नाही. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देणं मला अजिबात पटत नाही. स्ट्रिप कापायचीच असेल तर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत दुकानात राहील अशी कापा.

सगळ्यात जास्त लक्ष फ्रिजकडे द्या. इन्सुलिन आणि लशी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. आत थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. दारातल्या कप्प्यात तापमान सारखं खालीवर होतं, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटलेलं इन्सुलिन गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस लाइट नव्हती. म्हणून मालकांना पहिल्याच महिन्यात विचारा: लाइट गेली तर इन्सुलिन कुठे हलवायचं? इन्व्हर्टर किती वेळ टिकतो? पेशंटला एसटीने लांब जायचं असेल तर इन्सुलिन बर्फाला थेट लागू न देता, कापडात गुंडाळून न्यायला सांगा.

२०२१ च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. पुराचं पाणी लागलेली स्ट्रिप पुसून स्वच्छ दिसते, पण आत काय झालं ते कळत नाही. असा माल वेगळा काढून, ‘विक्रीसाठी नाही’ लिहून बंद करा. एक्स्पायरी झालेल्या मालालाही तोच नियम. नुकसान मोठं असतं, मालकाचा जीव तुटतो, तरी इथे तडजोड नको.

गणपतीत चाकरमानी येतात. मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी घरी राहिलेली असते, मोबाइलवर अर्ध्या स्ट्रिपचा फोटो असतो. घाई असते, गर्दी असते. नावं सारखी वाटली की थांबा: मेटफॉर्मिन मधुमेहाचं, मेट्रोनिडॅझोल जंतुसंसर्गाचं. मेथोट्रेक्सेट संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून वार ठळक लिहून द्या. शेड्यूल एच-१ चं, म्हणजे कायद्याने वेगळी नोंद ठेवूनच विकायचं औषध चिठ्ठीशिवाय नाही, मग समोर गाववाला असो की सरपंच. वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आले की ते मागतात, पण ते त्यांच्यासाठी लिहायचं नसतं. उद्या एखादी बॅच परत मागवली तर कुणाच्या घरी निरोप द्यायचा ते त्यातूनच सापडतं.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लिहून देतात. ती देताना नुसती पिशवी पुढे करू नका. ‘काकी, भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्या घेतल्या आडव्या होऊ नका, नाहीतर घशाखाली जळजळेल,’ एवढं सांगा. कुठल्याही औषधाने अंगावर पुरळ आलं किंवा वेगळा त्रास झाला तर डॉक्टरांकडे पाठवा आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंद करा. हा क्रमांक काउंटरच्या आतल्या बाजूला, बिल करताना डोळ्यांसमोर येईल असा चिकटवून ठेवा.