विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ घरच्या घरी कशी काढावी

मुंबईहून लंडनचं विमान हिवाळ्यात दुपारी १.३० ला सुटतं आणि संध्याकाळी ६ ला उतरतं असं समजा. घड्याळ बघून वाटतं, साडेचार तासांचा तर प्रवास! आईला एकटीला पाठवायचं असेल, तिच्या गोळ्यांच्या वेळा बसवायच्या असतील, तर हा हिशेब नीट करायलाच हवा.

आधी विमानतळ पक्का करा, नुसतं शहर नको. गोव्यात दाबोळी (जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) असे दोन विमानतळ आहेत, लंडनमध्ये तर हीथ्रो, गॅटविक आणि आणखी काही. तिकिटावरची तीन अक्षरं बघून घ्या.

मग अंतर. गूगल मॅप्सवर पहिल्या विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि खूण दुसऱ्या विमानतळापर्यंत न्या. मुंबई–हीथ्रो सुमारे ७,२०० किलोमीटर भरतं, मुंबई–दिल्ली १,१४० च्या आसपास. घरात पृथ्वीगोल असेल तर मुलांना दोऱ्याने मोजायला लावा. दोरा दोन शहरांमध्ये ताणून धरायचा, तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून किती अंश भरतात ते मोजायचं आणि १११ ने गुणायचं. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. ध्रुवांकडचा भाग तिथे ताणलेला असतो, त्यामुळे पट्टीची सरळ रेघ हा सगळ्यात जवळचा रस्ता नसतो.

आता वेळ. मोठं जेट विमान साधारण ताशी ८५० किलोमीटरने जातं. अंतराला ८५० ने भागा आणि धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी पाऊण ते एक तास मिळवा. दिल्लीसाठी सव्वादोन तासांच्या आसपास येतं आणि वेळापत्रकातही साधारण तेवढंच दिसतं. लंडनसाठी सव्वानऊ ते साडेनऊ तास येतात. पण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे जाताना वेळ वाढतो, येताना कमी होतो. शिवाय विमानाला सरळ वाट मिळेलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला. म्हणून जाताना दहा तास धरा.

शेवटी घड्याळं जुळवा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. वरच्या उदाहरणात साडेचार अधिक साडेपाच, म्हणजे दहा तास. परतीला उलट करा: रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबई, म्हणजे घड्याळाचे साडेचौदा तास, त्यातून साडेपाच वजा, नऊ तास.

मध्ये विमान बदलायचं असेल तर तिकिटावरच्या एकूण वेळेत त्या थांब्याचे तासही धरलेले असतात, ते वेगळे काढा.

आता आईच्या गोळ्या. ती लंडनला संध्याकाळी ६ ला उतरेल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील. म्हणजे रात्रीच्या जेवणाची गोळी विमानातच येते. इन्सुलिन असेल तर डोस कसा घ्यायचा ते डॉक्टरांना आधीच विचारा. आणि ही औषधं वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नको, तिच्या हातातल्या पर्समध्ये द्या.