चाळ, भाव आणि माझा पहिला आराखडा

एमबीए करून निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत लागलो, तेव्हा पहिलंच काम मिळालं पाच वर्षांच्या आराखड्याचं. आदल्या दिवाळीला उन्हाळ कांद्याने चांगला पैसा दिला होता. मी एक्सेलमध्ये हिशेब मांडला: चाळी, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेड, वाढवा, कांदा थांबवा, दिवाळीच्या तोंडावर काढा. बैठकीत एका जुन्या सभासदाने विचारलं, "आपण चाळी बांधू, पण बाकीचे काय हातावर हात ठेवून बसतील?"

मला उत्तर सुचलं नाही. आराखडा मंजूर झाला. आजूबाजूच्या गावांतही चाळी उभ्या राहिल्या, सगळ्यांचा माल एकदमच लासलगाव-पिंपळगावच्या कांदा बाजारात आला आणि लिलावात भाव पडला.

सिस्टिम्स थिंकिंग, म्हणजे सुटे भाग न बघता ते एकमेकांवर कसा परिणाम करतात ते बघणं, मी त्यानंतर शिकलो. १९५० च्या दशकात एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यातला चढउतार तपासला. कामगारभरती कधी जोरात, कधी ठप्प, आणि दोष बाजाराला दिला जायचा. त्यांनी दाखवलं की बाजारातली मागणी स्थिर धरली तरी तो हेलकावा कारखान्याच्या स्वतःच्या निर्णयांतून तयार होतो. हे वाचताना मला आमच्या चाळी दिसत होत्या.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी आधी कागद-पेन्सिल घ्यावी, सॉफ्टवेअर नंतर. चाळ म्हणजे साठा. आवक त्यात भरते. विक्री, सड, कोंब आणि वजनातली घट त्यातून काढतात. मी फक्त विक्री मोजली होती. मग बाण काढा: भाव वाढला की लागवड वाढते, लागवड वाढली की आवक, आवक वाढली की भाव उतरतो. यातला विलंब ठळक रंगाने लिहा. उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, माल निघतो मार्च-एप्रिलपासून आणि चाळीतला विकला जातो त्याहून कितीतरी उशिरा. ज्या भावाकडे बघून निर्णय घेतला, तो भाव तोवर राहिलेला नसतो.

सर्वांत अवघड गेलं ते सीमारेषा आखणं, म्हणजे चित्रात काय आत धरायचं आणि काय बाहेर ते ठरवणं. सरकारी धोरण मी 'बाह्य धोके' या रकान्यात टाकून मोकळा झालो होतो. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातबंदी, आणि ती मे २०२४ मध्ये उठली. भाव चढला, शहरांत ओरड झाली आणि निर्यातीला लगाम बसला. म्हणजे हा धोका बाहेरचा नव्हताच, भावाच्याच वर्तुळातला एक बाण होता. तुमच्या आराखड्यातला 'बाह्य' रकाना म्हणूनच पुन्हा वाचा. त्यातलं काय तुमच्याच क्षेत्राच्या हालचालीमुळे जागं होतं, ते शोधा. हे चित्र एकट्याने काढू नका. हमाल, व्यापारी आणि ट्रॅक्टर घेऊन लिलावात उभा राहणारा शेतकरी, तिघांना बसवा; प्रत्येक जण तुमचा एखादा बाण खोडतो.

यंदाच्या आराखड्यात चाळींचा आकडा निम्मा आहे. माल टप्प्याटप्प्याने काढायचा असं ठरलंय. आणि एक नवा रकाना आहे, दर महिन्याला फोन करून भरायचा: शेजारच्या गावांत किती चाळी भरलेल्या आहेत.