कायद्याचं शिक्षण आणि मोफत सल्ला: तालुक्याच्या गावी निधी उभारायचा असेल तर

मी तालुका न्यायालयात वकिली करते. आमच्या भागातल्या काही निवृत्त शिक्षकांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून एक छोटा न्यास काढला आहे. त्यातलं सल्ल्याचं काम मी बघते. ‘आम्हालाही आमच्याकडे असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारे बरेच भेटतात. हे त्यांच्यासाठी.

देणगी द्यायची म्हटलं की लोकांच्या डोक्यात दोनच खर्च येतात: मुलाची कॉलेजची फी आणि गरिबाच्या केससाठी वकिलाची फी. या दोन्हींची सोय सरकारी योजनांत बऱ्याच अंशी आहे. पैसा अडतो तो त्यांच्या अलीकडे आणि पलीकडे. न्यासाचा पैसा तिथे लागला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे.

आधी जे फुकट आहे ते नीट माहीत करून घ्या

१९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आलं आणि गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये ही राज्याची जबाबदारी ठरली. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो लागू व्हायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. आज प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते आणि तिथले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात.

मोफत वकील कोणाला मिळतो? स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेले, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले. यांना उत्पन्नाची अट नाही. नोकरदार बाई असली तरी तिला वकील मिळतो. हे बायकांना सांगितलं की त्यांचा विश्वासच बसत नाही, म्हणून मी ते दोनदा सांगते. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला नसला म्हणून कोणाला परत पाठवू नका. उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, असं कायद्यातच म्हटलं आहे. अर्ज मंजूर झाला की वकिलाबरोबर कोर्ट फी, नकला, टायपिंग यांचा भारही प्राधिकरणावर जातो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो.

मग न्यासाने काय करायचं? तिथवर माणूस पोचवायचा. तारखेच्या दिवशी बुडणारी मजुरी, एसटीचं भाडं, जुन्या फायलीच्या झेरॉक्सचे पैसे, लहान मूल सोबत असेल तर त्याची सोय. मोफत वकील मिळूनही बाई तारखेला आली नाही, की शंभरात नव्वद वेळा कारण असंच काहीतरी असतं. या खर्चासाठी न्यासात वेगळी रक्कम ठेवा आणि ती द्यायला विश्वस्तांच्या बैठकीची वाट बघावी लागू नये असा ठराव करून ठेवा. तारीख बैठकीसाठी थांबत नाही.

सल्ल्याचं टेबल

आठवड्यातला एकच वार ठरवा. शक्यतो बाजाराचा, कारण त्या दिवशी खेड्यापाड्यातली माणसं आपसूक गावात आलेली असतात. जागा ग्रंथालयाची किंवा शाळेची चालेल. राजकीय पक्षाचं कार्यालय आणि कोणाची पेढी मात्र नको. बोर्डावर न्यासाचं नाव, वार आणि वेळ एवढंच लिहा. वकिलाचं नाव टाकू नका, वकिलाला जाहिरात करता येत नाही.

माणूस समोर बसला की तो गोष्ट सांगायला लागतो, बहुधा लग्नापासून किंवा आजोबांच्या वाटणीपासून. ऐकायचं जरूर, पण आधी हात पुढे करून म्हणायचं, ‘पिशवीतले सगळे कागद काढा.’ प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, लग्नपत्रिका, बँकेचं पासबुक आणि तळाशी घडी घातलेलं समन्स असं सगळं एकत्र असतं. समन्स उलगडून आधी दोन तारखा बघायच्या: ते हातात कधी पडलं आणि हजर कधी व्हायचंय. दिवाणी दाव्याचं समन्स मिळालं की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. चेक परत आला असेल तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात आणि तेवढ्यात दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाकडे या मुदतींचा एक कागद हवाच. सल्ला कितीही चांगला असला तरी मुदत टळल्यावर त्याचं मोल फार उरत नाही.

वहीत पाच रकाने पुरेत: नाव, गाव, कशाबद्दल, पुढची तारीख, कुठे पाठवलं. शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नका. ‘सल्ला दिला’ हे तिथलं उत्तर नव्हे. ‘तालुका समितीकडे अर्ज दिला’, ‘तलाठ्याकडे फेरफारावर हरकत घेतली’, ‘लोकअदालतीत ठेवायला सांगितलं’ असं काहीतरी ठोस हवं. लोकअदालतीबद्दल बोलताना एक गोष्ट लपवू नका: तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते हे खरं, पण सही करण्याआधी माणसाला दोन्ही बाजू कळल्या पाहिजेत. तसंच, महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट अशा वैवाहिक वादांत स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जणी पैसे जमेपर्यंत थांबून राहतात.

कायद्याचे विद्यार्थी मदतीला घ्या. बार कौन्सिल, म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाला ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र चालवावंच लागतं, त्यामुळे प्राचार्यांना पत्र दिलं तर नकार सहसा येत नाही. मुलांनी ऐकावं, टिपून घ्यावं, अर्ज भरून द्यावा. सल्ला मात्र सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेल्या वकिलानेच द्यायचा.

विद्यार्थ्याला पैसे कधी आणि कशासाठी

बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत होते. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुन्हा तिथे जायला १९२० साल उजाडलं. शिष्यवृत्ती समितीच्या पहिल्या बैठकीत मी हे सांगते, कारण आपल्याकडे पहिल्या वर्षाची फी भरून, सत्कार करून मोकळं व्हायची सवय फार आहे. दहा मुलांना एकेक वर्ष देण्यापेक्षा दोघांना शेवटपर्यंत द्या.

फीसाठी आधी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज करायला लावा. सरकारी योजनेत जे बसतं ते तिथूनच घ्यावं. न्यासाने सीईटीची (प्रवेश परीक्षेची) तयारी, पुस्तकं, खोलीचं भाडं आणि मेस इकडे बघावं. प्रवेश परीक्षेची तयारी हाच गरिबाच्या मुलासाठी पहिला अडसर असतो. कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था काढली ती नेमकं हेच ओळखून.

सनदेच्या खर्चाचा धसका आता कमी झाला आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही: सर्वसाधारण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीसाठी १२५.

खरी ओढाताण सनद मिळाल्यावर सुरू होते. ज्युनिअरला पहिली दोन-तीन वर्षं हातात जवळपास काहीच पडत नाही. घरून पैसे येणारा टिकतो, बाकीचे नोकरी धरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे. आमच्यासारख्या गावात सीनिअरचीच कमाई बेताची असते, तो एवढे कुठून देणार? निधीतला सगळ्यात मोठा वाटा इथे जावा. न्यासाने ज्युनिअरला मानधन द्यावं आणि बदल्यात त्याने आठवड्यातून एकदा सल्ल्याच्या टेबलावर बसावं. शिक्षण आणि सल्ला हे दोन हेतू इथे एकमेकांना धरून उभे राहतात. मुलीला हे मानधन मिळालं तर आणखी एक होतं: टेबलावर बाई वकील दिसते, आणि नवऱ्याच्या मारहाणीबद्दल कधीच न बोललेल्या बायका बोलू लागतात. हे मी पाहिलं आहे.

नोंदणी आणि पैसा

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते. न्यासपत्रात ‘कायद्याचं शिक्षण’ आणि ‘गरजूंना कायदेविषयक सल्ला व साहाय्य’ हे दोन्ही हेतू वेगवेगळे, स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘शैक्षणिक कार्य’ लिहिलं तर एसटीच्या भाड्याचा खर्च कशात दाखवणार? विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. तो राहून गेला की पुढची कामं अडतात. दरवर्षी हिशेब तपासून घेणं आलंच.

आयकराची नोंदणी झाली की देणगीदाराला सवलत मिळू शकते, पण रोख २ हजारांवरच्या देणगीला नाही. म्हणून चेक किंवा ऑनलाइनचाच आग्रह धरा. कायम निधीसाठी कोणी रक्कम देत असेल तर तसं लेखी पत्र घ्या, नाहीतर ती चालू उत्पन्नात धरली जाते. अमेरिकेतला पुतण्या पैसे पाठवतो म्हणाला तर त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेले पैसे चालतात. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तिचा एक रुपयाही घेता येत नाही.

देणगीदारांशी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बोलून घ्या. टेबलावर आलेल्या माणसाचं नाव किंवा फोटो अहवालात येणार नाही, किती अर्ज कुठे गेले एवढाच आकडा मिळेल. आणि देणगीदाराच्या विरोधातली तक्रार घेऊन त्याचाच कामगार आला, तर त्याला परत पाठवलं जाणार नाही. त्याचे कागद त्याच दिवशी तालुका समितीकडे जातील. हे मान्य नसलेल्याची देणगी नम्रपणे परत करा.